थेट नगराध्यक्ष आणि परस्वाधीन तिजोरी



नगराध्यक्ष मतदारांनी निवडावा की नगरसेवकांनी, हा प्रश्न महाराष्ट्रात १९७४ पासून भिजत पडला आहे. २०१६ साली थेट निवडणूक आली, २०२० साली गेली, २०२२ साली परतली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ही पद्धत ठरविण्याचा अधिकार विधिमंडळाकडेच ठेवला. सबब मंत्रालयातले सरकार पालटले की गावच्या खुर्चीचा कायदाही पालटतो!

थेट निवडणुकीने नगरसेवकांच्या पळवापळवीला आळा बसतो, हे मान्य. परंतु अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे झाले की सभागृहात रोजची ओढाताण सुरू होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र खरी मेख तिजोरीत दिसते. नगरपरिषदांची जकात गेली, हाती अनुदान आले. मुख्याधिकारी राज्य शासनाचा. हजारो मतांनी निवडलेला माणूस मग रस्त्याच्या पैशासाठी मंत्रालयाचे उंबरठे झिजवतो, आणि ‘निधी हवा तर आमचाच अध्यक्ष निवडा’ असे सत्ताधारी उघड सांगू शकतात. याला लोकशाहीचे विकेंद्रीकरण म्हणावयाचे काय?

डिसेंबर २०२५ मध्ये निवडून आलेल्या अध्यक्षांना पक्ष न पाहता आपण विचारले पाहिजे: राज्य वित्त आयोगाच्या शिफारशींप्रमाणे शहराच्या हक्काचा वाटा मागण्याचा ठराव सभेत केव्हा आणता?