हुकूम आणि उत्तर



कामगार चळवळीतल्या माणसाने टेलिफोनच्या यंत्रावर बोलावे, याचे नांदेडकरांना आणि लातूरहून आलेल्या मंडळींना नवल वाटेल. परंतु हुकूम कसा द्यावा आणि त्याचे उत्तर कसे मागावे, हा प्रश्न आमच्या रोजच्या व्यवहारातलाच आहे. म्हणून आज आम्ही एका लहान पेटीविषयी बोलणार आहोत.

आय.एस.डी.एन. नावाची एक टेलिफोनसेवा होती. तिच्या साध्या जोडणीत एकाच तारेवर तीन मार्ग असत. दोन मार्ग बोलण्याचे किंवा मजकुराचे. प्रत्येकावरून सेकंदाला 64 हजार बिट जात. तिसरा 16 हजारांचा, मुख्यतः निरोपांचा : कोण बोलावतो आहे, कोणी फोन ठेवला. संगणक आणि ही तार यांच्यामध्ये जी पेटी बसे, ती टर्मिनल अडॅप्टर. मुख्य तार तुटली तर काम अडू नये म्हणून बँकांच्या शाखा अशी जोडणी ठेवीत.

या पेटीला हुकूम द्यायचा तो साध्या अक्षरांनी. ही भाषा 1981 साली अमेरिकेतील हेज कंपनीने आपल्या मोडेमसाठी बसवली. पुढे अडॅप्टरांनीही तीच उचलली. प्रत्येक हुकुमाच्या आरंभी 'एटी', म्हणजे 'अटेन्शन', लक्ष द्या! 'एटीडी' आणि पुढे नंबर, म्हणजे फोन लाव. 'एटीए', उचल. 'एटीएच', ठेव. आणि प्रत्येक हुकुमाला पेटी उत्तर देते : 'ओके', 'कनेक्ट', 'बिझी'. हुकूम कळला नाही तर 'एरर' म्हणते. पण गप्प बसत नाही. लातूर रोडचा स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनाकडून 'लाइन क्लिअर' आल्याशिवाय गाडी सोडत नाही, तसाच हा प्रकार. उत्तर आल्याशिवाय पुढचे पाऊल नाही.

आता खरी मेख ऐका. जोडणी तुटली की पेटी 'नो कॅरियर' म्हणे. जुन्या मोडेमच्या काळी तारेवर एक वाहक सूर असे. तो थांबला, असा त्याचा अर्थ. आय.एस.डी.एन.च्या तारेवर तो सूर नव्हताच, तरी उत्तर मात्र जुनेच राहिले! पण त्या निरोपांच्या मार्गावरून कारणाचा आकडाही येत असे. 16 म्हणजे बोलणे रीतसर संपले. 17 म्हणजे समोरचा दुसऱ्याशी बोलत आहे. 18 म्हणजे कोणी प्रतिसादच देत नाही. 1 म्हणजे असा नंबर कोणाला दिलेलाच नाही. 34 म्हणजे वाटेत मार्ग मोकळा नाही.

नकार एकच, पण कारणे पाच, आणि उपायही निरनिराळे. 17 आला तर थांबावे. 1 आला तर आपलाच नंबर तपासावा. 34 आला तर दोष ना आपला, ना समोरच्याचा. मार्ग पुरवणाऱ्याला जाब विचारावा. कारण कळले म्हणजे जबाबदारी कोणाची, हे कळते. नुसता नकार माणसाला आंधळा करतो.

ती सेवा आता मागे पडली, पण भाषा जिवंत आहे. आपले शेतकरी विहिरीवरचा पंप मोबाईलवरून चालू करतात ना? त्या पेटीत सिमकार्डाचे जे यंत्र असते, ते बहुधा हेच 'एटी'चे हुकूम ऐकते. रात्री वीज आली, पंप लागला की नाही, हे घरबसल्या कळते ते उलट उत्तर येते म्हणून.

आता आमच्या कामाकडे वळू. मजूर कचेरीत अर्ज देतो. महिन्यांनी उत्तर मिळते : 'विचाराधीन आहे.' हा कोणता आकडा? कागद अपुरे आहेत, की साहेब जागेवर नाहीत, की योजनेला पैसाच नाही? यांतले काहीच त्याला सांगितले जात नाही, आणि तो मजुरी बुडवून खेटे घालीत राहतो.

कायदा आपल्या बाजूला आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने साधारणपणे 30 दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. नकार दिला तर कारण द्यावे लागते, आणि अपील कोणाकडे करायचे तेही सांगावे लागते. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यातही सेवा नाकारण्याचे कारण लेखी द्यायचे आहे. तेव्हा बंधूंनो, अर्ज दिला की पोच घ्या. नकार आला की कारण लेखी मागा. दोन-चार अक्षरांच्या हुकुमाला यंत्र उत्तर देते. सही-अंगठा केलेल्या माणसाच्या अर्जाला त्याहून कमी मान असू नये.