आधी ऊन ओळखा, मग रोप आणा

जबलपूरहून बोलतोय.

अख्खी नोकरी फौजेत गेली. प्रत्येक पोस्टिंगला बंगल्यासमोर चार रोपं लावायचो आणि ती अंग धरेपर्यंत बदलीचा हुकूम यायचा. झाडं आम्ही लावायची, फुलं पुढच्या साहेबांनी बघायची! म्हणून निवृत्तीनंतर इथं घर बांधलं तेव्हा सौभाग्यवतींनी एकच अट घातली, ‘आता मला माझ्या खुर्चीतून फुलं दिसली पाहिजेत.’

तिची खुर्ची उत्तरेच्या व्हरांड्यात. गुडघ्यांमुळे बागेत फिरणं तिला जमत नाही. म्हणजे फुलं तिच्यासमोरच यायला हवीत.

डिसेंबरात मी नर्सरीतून गाडी भरून रोपं आणली. उत्तरेला दिवसभर सावली दिसत होती, म्हणून तिथं पीस लिलीची रांग लावली. पश्चिमेच्या भिंतीला गुलाब लावले, परेडसारखे एका ओळीत. मे महिना आला, नौतपा लागला, पारा चव्वेचाळीसच्या आसपास. गुलाब वाळून काटक्या झाले, आणि लिलीची पानं भाजलेल्या पापडासारखी! सौ. म्हणाली, ‘अहो, ही झाडं आहेत, जवान नाहीत. हुकूम सुटला की कुठेही रुजू व्हायला!’

सावलीतलं रोप भाजलं कसं? चूक माझ्या रेकीची होती. जबलपूर साधारण २३ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरासंच दक्षिणेला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे १० फुटी भिंतीची सावली भर दुपारीही उत्तरेला १० फुटांपेक्षा लांब पडते. जूनमध्ये मात्र सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उगवतो-मावळतो ईशान्य-वायव्येकडून. हिवाळ्यातली सावली उन्हाळ्यात राहत नाही. नागपूर, इंदूर, भोपाळकडच्या मंडळींनाही हा हिशेब थोड्याफार फरकानं लागू आहे.

तेव्हा रोप आणण्याआधी कागद घ्या. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता अंगणात ऊन कुठं आहे ते मांडा. एकदा डिसेंबरात, एकदा मेमध्ये. सहा तासांहून जास्त ऊन ती उन्हाची जागा. सकाळचं तीन-चार तास ऊन ती अर्धसावली. आणि एक लक्षात ठेवा, सकाळचे तीन तास आणि दुपारनंतरचे तीन तास सारखे नव्हेत. पश्चिमेचं ऊन तापलेल्या भिंतीसकट येतं.

पश्चिमेला बोगनवेल, सदाफुली, कण्हेर लावा. बोगनवेलीला मूळ धरल्यावर पाणी कमी द्या. जास्त पाणी दिलंत तर पानंच वाढतील. कण्हेर विषारी आहे, नातवंडं येत असतील तर दूर ठेवा. कुंड्यांत चिनी गुलाब छान, पण सावलीत त्याची फुलं उमलत नाहीत. जास्वंद आणि मोगरा पूर्वेला किंवा दक्षिणेला. मोगरा सावलीत जगतो, पण फुलत नाही. थंडी सरता सरता त्याची छाटणी करा, नव्या फांद्यांवर कळ्या येतात.

अर्धसावलीत अबोली आणि रातराणी. मोठ्या आंब्याखाली, जिथं ऊन गाळून येतं, तिथं सोनटक्का. पण त्याला ओल हवी.

आता सौ.च्या व्हरांड्याचा प्रश्न. हिवाळ्यात ऊन नाही, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन. मग अशी फुलझाडं शोधली जी हिवाळ्यात जमिनीखाली झोपतात! भुईचाफा आणि फुटबॉल लिली. ऊन नसतं तेव्हा त्यांना ते नकोच असतं. भुईचाफा पानांच्या आधी थेट जमिनीतून फुलतो, लिलीचे लाल चेंडू पावसाच्या तोंडावर येतात. वायव्येच्या कोपऱ्यात जाळीवर मधुमालती चढवली, तिनं चारचं ऊन अडवलं. पीस लिली कुंडीत हलवली. मेमध्ये ती घरात, माणसांसारखी.

मातीचंही सांगतो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून वाफा वीतभर उंच करा, शेणखत आणि रेती मिसळा. एक्झोरा किंवा अनंत या मातीत पिवळे पडत असतील तर कुंडीत लावा. आणि लागवड डिसेंबरात नव्हे, जुलैत करा. पुढच्या मेपर्यंत मुळांना दहा महिने मिळतात.

पहिली दोन वर्षं काहीच नव्हतं. तिसऱ्या वर्षी एका सकाळी आतून हाक आली, ‘अहो, या बघू!’ चहा तसाच टाकून धावलो. वाटलं पडली की काय. ती खुर्चीतच होती, बोट जमिनीकडे. कोरड्या मातीतून भुईचाफ्याचं एकच जांभळट-पांढरं फूल वर आलं होतं.

मी म्हटलं, ‘एकच आहे.’

ती म्हणाली, ‘असू दे. या वेळी आपण इथं आहोत ना बघायला.’

तेव्हा मंडळी, या आठवड्यात रोप आणू नका. कागद-पेन्सिल घ्या आणि ऊन मोजा. जय हिंद.