आतल्या वर्गातून

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडंसं नीट करून लिहून दिलं आहे.)



आत्ता माझी ओळख ‘समाजसेविका’ अशी करून दिली गेली. ती दुरुस्त करते. मी टपाल खात्यात छत्तीस वर्षं नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता आठवड्यातून दोन दिवस आमच्या शहरातल्या मध्यवर्ती कारागृहात गणित शिकवायला जाते. हसू नका. गणिताच्या बाई पहिल्या रांगेत बसल्यात आणि नववीच्या वार्षिक परीक्षेत मला शंभरात अडतीस होते हे त्यांना नक्की आठवत असणार. काल रात्री त्यांनी मला विचारलं, “तू? गणित?” मी म्हटलं, बाई, तिथे निवडीला फार वाव नाही.

हे सगळं सुरू झालं पोस्टाच्या खिडकीवर. ज्या गावात मोठा तुरुंग असतो तिथल्या पोस्टात तुरुंगाच्या पत्त्यावरच्या मनिऑर्डरी खूप येतात आणि जातातही. आतल्या माणसाला साबण-चहासाठी घरून पैसे पाठवता येतात, आतला कुणी काम करून मजुरी मिळवत असेल तर तो घरी पाठवतो. पाठवायला येणाऱ्या बहुतेक बायकाच. फॉर्म भरता येत नसे, मग खिडकीतून आत सरकवत म्हणायच्या, “ताई, तेवढं लिहा.” फॉर्मच्या खालच्या बाजूला संदेशाला बोटभर जागा असायची. त्या बोटभर जागेत मी किती संसार लिहिले असतील! पोरं शाळेत जातात. शेळी विकली. वकील पैसे मागतो.

त्यातली एक बाई आलेलं पत्रही माझ्याकडूनच वाचून घ्यायची. नवऱ्याचं पत्र, पण अक्षर दुसऱ्याचं, कारण तो निरक्षर होता आणि बराकीतला कुणीतरी लिहून द्यायचा. एकदा तिनं आंतरदेशीय पत्र पुढे केलं, तर त्यावर बोराएवढी अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, ओळी खाली घसरत गेलेल्या. ती म्हणाली, “हे त्यांनी सोता लिवलंय.” मी वाचत गेले. शेवटच्या ओळीच्या आधी लिहिलं होतं की खालची ओळ कुणाकडून वाचून घेऊ नको, तू शिक आणि वाच. खिडकीबाहेर रांग लागलेली. मी ती ओळ वाचली नाही. म्हणजे मोठ्यानं वाचली नाही. तिला म्हटलं, “इथपर्यंतच आहे माझं काम.” ती पत्राची घडी घालून गेली. पुढे माझी बदली झाली, तिनं ती ओळ वाचली का ते मला कळलं नाही.

२०२० साली निवृत्त झाले तेव्हा कोरोना होता. सगळं मोकळं झाल्यावर, २०२२मध्ये, आत शिकवायला जाणाऱ्या एका गटाबरोबर मी गेले. दारात मोबाइल, पर्स, घड्याळ जमा. झडती. वहीत नाव, वेळ, सही. मोठ्या दारातलं छोटं दार उघडतं, त्यातून वाकून आत जायचं, आणि मागचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही. पहिल्या दिवशी त्या दोन दारांच्या मध्ये मला आपल्या हेडसरांच्या खोलीबाहेर उभं राहिल्यासारखं झालं होतं. तीच पोटातली कालवाकालव.

आपण शाळेत तुरुंग म्हटलं की काय शिकलो? मंडालेत टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. सगळं खरं. पण ती माणसं शिकून आत गेली होती. मी सांगतेय ती माणसं आत जाऊन शिकणारी आहेत, आणि बहुतेकांनी काही थोर केलेलं नाही. काहींनी फार वाईट केलेलं आहे. आपल्या पटांगणात पांढरा पडदा लावून ‘दो आँखें बारह हाथ’ दाखवला होता, आठवतो? आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीवरून तो सुचलेला. औंध संस्थानच्या काळात, १९३९ साली सुरू झालेली ती वसाहत. पिक्चर बघून आपण सगळे रडलो होतो. वर्गात बसल्यावर असं रडू येत नाही. तिथे अपूर्णांकांचा भागाकार चालू असतो.

वर्गात पंधरा-वीस जण. सगळे शिकायच्या ओढीनं येतात असं मी सांगणार नाही. कुणी दोन तास बराकीबाहेर बसायला मिळतं म्हणून येतो, कुणी वर्गात पंखा आहे म्हणून. परीक्षा पास झाल्यावर शिक्षेत काही दिवसांची माफी मिळू शकते, तेही एक कारण. मला चालतं. मीही शाळेत बाईंच्या छडीला भिऊनच येत होते.

सगळ्यात आधी शिकायची असते ती सही. आत येताना प्रत्येकाचा अंगठा घेतात, पण ज्याला सही येते त्याचं मन अंगठ्यावर राहत नाही. एका साठीच्या काकांना नाव लिहायला शिकवायला दोन महिने लागले. त्यांच्या नावात जोडाक्षर होतं, ते काही केल्या जुळेना. जुळल्यावर मी विचारलं, पहिली सही कशावर करणार? म्हणाले, “वकीलपत्रावर. मागल्या बारीला कशावर अंगठा दिला, मला ठावं न्हाई.” त्यांना स्वतःच्या खटल्याचे कागद वाचायचे होते. तेवढ्यासाठी ते शिकत होते, आणि ते कागद कायद्याच्या भाषेत आहेत, तुम्हाला-मलाही धड कळणार नाहीत, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

भूमितीची अडचण वेगळीच. कंपासपेटीतल्या कंपासला आणि कर्कटकाला टोक असतं. टोकाची वस्तू आत चालत नाही. आणि दहावीला वर्तुळ काढून त्याला स्पर्शिका काढायची असते. पहिल्या वर्षी मी डब्याच्या झाकणाभोवती पेन्सिल फिरवायला सांगितली, पण मग मध्यबिंदू कुठाय ते सापडेना. तेव्हा मला बाई आठवल्या. फळ्याचा लाकडी कंपास मोडला होता तेव्हा बाईंनी दोरीला खडू बांधून अख्खं वर्ष काढलं होतं. मी दोऱ्याचा तुकडा आणि पेन्सिल घेतली, अंगठ्यानं एक टोक दाबून धरलं, आणि वर्तुळ आलं. जरा वांगं झालं होतं, पण मध्यबिंदू होता. आता दोऱ्याचे तुकडे मोजून देते आणि मोजून परत घेते. दोऱ्याचाही हिशेब द्यावा लागतो, ते रास्तच आहे.

कच्च्या कैद्यांचं मात्र काही केल्या जमत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती, आणि त्यांतल्या शंभरांतल्या जवळजवळ शहात्तर जणांचा खटलाच संपलेला नव्हता. त्यांना ना धड शिक्षा, ना सुटका. आज वर्गात आहे, उद्या तारीख, परवा जामीन. जामीन झाला की मला आनंद होतो आणि त्याची वही माझ्याकडेच राहते. अशा अकरा वह्या कपाटात आहेत. शिक्षा झालेल्यांचंही काही ठाम नसतं. बारावीचा एकजण, परीक्षेला तीन आठवडे असताना दुसऱ्या कारागृहात पाठवला गेला. प्रवेशपत्र इथे, तो तिथे. वर्ष गेलं. आत गर्दी झाली की माणसं हलवावी लागतात हे मला समजतं, पण त्याचं वर्ष गेलं ते गेलंच.

बायकांच्या विभागात संख्या थोडी, त्यामुळे वर्ग भरत नाही, त्यामुळे शिक्षक मिळत नाही. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईजवळ राहू शकतात. तिथल्या बालवाडीत जास्त नियमितपणे शिकवलं जातं, आणि दाराशी उभ्या राहून आयाच बाराखडी ऐकतात.

आता दाखल्याची गोष्ट. दहावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. वर्गातल्या एकाला, वय पंचेचाळीसच्या आसपास, जन्मठेप, दहावी करायची होती. आठवीतून शाळा सोडलेली. घरचे बोलत नाहीत. कारागृहातून शाळेला दोन पत्रं गेली, उत्तर नाही. शेवटी अधिकारपत्र घेऊन मी एसटीनं गेले. अडीच तास आणि पुढे वडाप. कारकुनानं नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मुख्याध्यापक म्हणाले, “आमच्या शाळेचं नाव कशाला त्यात?” मी म्हटलं, सर, तो तुमच्या रजिस्टरात आहेच, मी तो आणलेला नाही. तासाभरानं त्यांनी स्वतःच जनरल रजिस्टर काढलं. पानांना वाळवी लागलेली, पण ओळ शाबूत होती. मला परतीची शेवटची गाडी मिळावी म्हणून त्यांनी शिपायाला मोटारसायकलवर पाठवलं, हेही सांगायला हवं.

पुढच्या वर्गाला दाखला त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ वाचत राहिला. मला वाटलं जन्मतारीख चुकलीय. मग त्यानं बोट ठेवून दाखवलं. शाळा सोडण्याचं कारण, घरकाम. प्रगती, समाधानकारक. वर्तणूक, चांगली. म्हणाला, “मॅडम, ‘वर्तणूक चांगली’ लिवलंय.” मी म्हटलं, हो. पुढे दोघंही काही बोललो नाही. वर्गात आणखी सतरा जण होते आणि वर्गसमीकरणं बाकी होती.

गणितात त्याला एकोणचाळीस पडले. माझ्यापेक्षा एक जास्त.

मी हे सगळं मध्यंतरी आपल्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा खूप अंगठे आणि हात जोडलेले आले. आणि आपल्यातल्याच एकाचा रात्री फोन आला. तो आत्ता इथे बसलाय. नाव न घेता सांगायची त्यानं परवानगी दिलीय. त्याच्या धाकट्या भावाला बांधाच्या भांडणात मारलं. मारणारे शिक्षा भोगून आले. त्यानं मला विचारलं, “आतल्यांना फी माफ, पुस्तकं फुकट. माझ्या भावाची पोरगी दहावीला होती तेव्हा तिची फी कुणी भरली, विचारलंस कधी?” मी कधीच विचारलं नव्हतं. आपल्यातल्या कुणीच विचारलं नव्हतं. मी त्याला काय उत्तर देणार? शिकलेला माणूस पुन्हा गुन्हा करत नाही असं मी म्हणू शकले असते, पण मला ते ठामपणे माहीत नाही, आणि माहीत असतं तरी त्या रात्री ते त्याच्या कामाचं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “तू शिकव. मला सांगू नको.” वर्षभर मी त्याला काही सांगितलं नाही. आज सांगतेय, कारण काल चहाच्या वेळी त्यानं आपणहून विचारलं की दोऱ्यानं वर्तुळ नीट येतं का.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण मेळाव्याचा जमाखर्च काल वाचून दाखवला, त्यात शिल्लक आहे. ती रक्कम तुरुंगाला द्या असं मी म्हणत नाही. माझी सूचना अशी की ज्या घरातला कर्ता माणूस असा मारला गेलाय आणि पोरं आपल्याच शाळेत आहेत, अशा घरांना ती आधी जावी. शाळेला अशी दोन-तीन घरं माहीत असतील.

आतल्या वर्गासाठी मला पैसे नकोत. या वर्षी सहा जण दहावीला बसणार आहेत आणि तिघांचे दाखले आलेले नाहीत. एक शाळा परभणी जिल्ह्यात, एक सांगोल्याकडे, एक नंदुरबारला. आपली बॅच पन्नास वर्षांत सगळीकडे पसरलीय, त्या बाजूला राहणारे निदान चौघं तरी मला या मांडवात दिसतायत. काम एक दिवसाचं आहे. अधिकारपत्र मी देते. कारकुनानं पेन खाली ठेवलं तर रागावू नका, बसून राहा.

नावं जेवणाच्या वेळी माझ्याकडे द्या. बाईंनी सरावाच्या प्रश्नपत्रिका काढून द्यायचं कबूल केलंय. जरा सोप्या काढा म्हटलं, तर नाही म्हणाल्या.