टेबलापलीकडचा डॉक्टर

फॅमिली डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

मला अध्यक्ष केलंत, आभारी आहे. पचनविकारांवरच्या नव्या उपचारांचा आढावा छापील भाषणात दिला आहे, तो सवडीनं वाचा. पस्तीस वर्षं मनात साचलेलं एकच आज बोलणार आहे. आपण पेशंटच्या तोंडाचा वास घेणं सोडून दिलंय.

सकाळी इथं वाद रंगला. तोंडाला वास येतो तो पोटामुळे की दातांमुळे? दंतवैद्य पाहुण्यांचं म्हणणं बहुतेक वेळा खरंच असतं. दहातल्या आठ-नऊ जणांचं दुखणं तोंडातच असतं. जिभेच्या मागच्या भागावरचा थर आणि सुजलेल्या हिरड्या यांतले जंतू प्रथिनं कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सोडतात. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, त्यामुळे पोटातला वास धुराड्यासारखा सतत वर येत नाही. तेव्हा तोंड न उघडताच ‘पोट साफ नाही’ म्हणून चूर्ण लिहून देणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

पण उरलेल्या दहाव्या माणसाचं काय? तो माझ्याकडे आला होता.

निवृत्त शिक्षक. खिशात लवंगांची डबी, बोलताना तोंडावर हात. दात दोनदा साफ करून झालेले, एक दाढ उगाच काढलेली. दंतवैद्य म्हणे पोट बघा, फिजिशियन म्हणे दात बघा. मीही दोन भेटींत टेबलापलीकडूनच ॲसिडिटीच्या गोळ्या लिहिल्या. तिसऱ्या खेपेला खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना तोंडानं श्वास सोडायला सांगितलं. शिळ्या, आंबलेल्या अन्नाचा वास आला. पाणी पाजलं तर गळ्यात गुळगुळ वाजलं. तेवढ्यात त्यांच्या पत्नी संकोचत म्हणाल्या, “डॉक्टर, सकाळी यांच्या उशीवर मेथीची पानं सापडतात. आणि भाजी तर परवा केलेली असते.”

बेरियम पाजून एक्स-रे काढला. घसा जिथे अन्ननलिकेला मिळतो तिथे मागच्या बाजूला पिशवी झालेली; तिला झेंकरची पिशवी म्हणतात. अन्न त्यात अडकून कुजत होतं. ऑपरेशन झालं आणि वास गेला. दातही निर्दोष, जठरही निर्दोष! माझ्यापुरता सकाळचा वाद त्या उशीवर मिटला.

पचनसंस्था वासातून बोलते, मित्रहो. छातीत जळजळ होऊन आंबट पाणी घशाशी येतं, त्याचा वास वेगळा. जठराचं खालचं तोंड आवळलं की कुजक्या अंड्यासारखे ढेकर येतात. यकृत निकामी होताना श्वासाला कुबट-गोडसर वास येतो, तो रक्तातून फुप्फुसात उतरलेला असतो. बॅरी मार्शल या डॉक्टरांनी 1984 साली जठराला सूज आणणारे हेलिकोबॅक्टर पायलोरीचे जंतू प्रयोगासाठी स्वतः प्यायले, तेव्हा जठराची सूज एंडोस्कोपीत दिसण्याआधीच त्यांच्या श्वासाची दुर्गंधी घरात जाणवली होती. त्या जंतूच्या शोधाला 2005 साली नोबेल मिळालं.

आमचे गुरुजी वॉर्डात शिरताच कॉटपाशी वाकायचे. आम्ही वाकत नाही. कोविडनंतर आमची टेबलं आणखी रुंद झाली. पेशंट लाजतो, आपण शिष्टाचार पाळतो आणि आजार मधल्यामध्ये वाढतो.

दंतवैद्यांबरोबर एखादी संयुक्त बैठक घ्यावी, तरुण डॉक्टरांसाठी छोटी पुस्तिका काढावी असं मनात आहे. कधी आणि कशी, ते कार्यकारिणी ठरवेल. तुमच्याकडून मात्र मला एकच हवंय. उद्या दवाखाना उघडलात की पेशंटची खुर्ची टेबलाच्या अलीकडे घ्या.