दोन कागद एकत्र ठेवा
(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातील भाषण)



आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या एका बाईंची हकिकत सांगते. त्यांना सिरॉसिस, म्हणजे यकृताचा जुनाट आजार. त्यात नैराश्य आलं, गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत त्या दिवसभर झोपू लागल्या, बोलताना अडखळू लागल्या. सासरचे म्हणाले, कामाची टाळाटाळ. शेजारी म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. खरं तर गोळीचा डोस त्यांच्या शरीराला जास्त होत होता. यकृताचा कागद एका डॉक्टरांकडे, मनाचा दुसऱ्यांकडे. दोन्ही कागद एकत्र कुणी पाहिलेच नव्हते.

असं का होतं? पोटात गेलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते. नैराश्यावरची बहुतेक औषधं तिथेच मोडली जातात. सिरॉसिसमध्ये हे काम मंदावतं, शिवाय काही रक्त यकृताला वळसा घालून पुढे जातं. म्हणून औषध रक्तात जास्त राहतं आणि जास्त काळ राहतं. यकृत अल्ब्युमिन नावाचं प्रथिनही बनवतं. औषधाचा बराच भाग त्याला चिकटून फिरतो. मेंदूत शिरतो तो सुटा भाग. अल्ब्युमिन कमी झालं की सुट्या भागाचं प्रमाण वाढतं.

उदाहरण घ्या. फ्लुओक्सेटिन निम्मं व्हायला निरोगी शरीरात २-३ दिवस लागतात, सिरॉसिसमध्ये सरासरी ७.६ दिवस. रोजची गोळी मात्र तीच, म्हणजे साठा वाढतच जातो. यकृताच्या रुग्णांना सिटालोप्राम दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये, ड्युलोक्सेटिन टाळावं, असं औषधाच्या माहितीपत्रकात असतं. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते आणि बद्धकोष्ठ होतो. बद्धकोष्ठाने शरीरात अमोनिया साठतो, आणि आजारी यकृतामुळे मेंदू आधीच नाजूक झालेला असतो. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून पूर्वी रक्ताची उलटी झाली असेल तर ते सांगायलाच हवं.

याचा अर्थ गोळी फेकून द्या असा नाही. ती एकाएकी बंद केली तर चक्कर, बेचैनी येते, नैराश्य उलटतं. यकृताच्या आजारातही नैराश्यावर उपचार होऊ शकतो, व्हायलाच हवा. औषध कोणतं, डोस किती, हे डॉक्टरांनी यकृत पाहून ठरवायचं. थोड्यापासून सुरुवात, सावकाश वाढ.

आणखी एक. सिरॉसिस म्हटलं की लोक विचारतात, 'बाई पिते का?' हिपॅटायटिस बी आणि सी, यकृतातली चरबी, यांनीही तो होतो. या प्रश्नाच्या भीतीने बायका आजार लपवतात, आणि मनाच्या डॉक्टरांना यकृताचा पत्ताच लागत नाही.

म्हणून केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला विचारा: कधी कावीळ झाली होती? पोटात पाणी झालं होतं? इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत? सगळे कागद एकाच पिशवीत ठेवायला सांगा. दिवसा झोप नि रात्री जाग, गोंधळल्यासारखं बोलणं, हात फडफडणं, काळी शौच यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

'ती आळशी झाली' असं घर म्हणेल. आपण आधी तिची गोळी विचारू या.