माशांसाठी सिरका

सोलापूरला समुद्र नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत मात्र दोनशे लिटरचा आहे. मुलगा नोकरीसाठी दुबईला गेला, तेव्हा खाऱ्या पाण्याची ही काचेची टाकी आणि त्यातली क्लाउनफिशची जोडी माझ्या हवाली करून गेला. मी कविता लिहिणारा माणूस. रसायनशास्त्राशी माझं कधी जमलं नाही.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. टाकीतल्या दगडांवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तिथे गाडी अडते. नायट्रेट साचत जातं, सोबत फॉस्फेटही, आणि काचेवर शेवाळ चढतं. पाणी बदलावं, तर किनाऱ्यावरचा माणूस समुद्रातून भरून आणील. आम्हाला महागाचं खास मीठ विकत आणून कालवावं लागतं.

मुलाने फोनवर दुसरा उपाय सांगितला. जिवाणूंना वाढायला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात. टाकीत कार्बनच कमी पडतो. तो बाहेरून दिला की जिवाणू झपाट्याने वाढतात आणि नायट्रेट, फॉस्फेट अंगात ओढून घेतात. मग स्किमर नावाचं यंत्र हवेच्या बुडबुड्यांचा फेस करून त्यांना पाण्याबाहेर काढतं. कोळंबीच्या तळ्यात मळी किंवा गूळ घालतात, तोही याच जातीचा उपाय.

"अब्बा, पुष्कळ लोक व्होडका घालतात," तो म्हणाला.

बायको शेजारीच होती. "या घरात दारू? माशांसाठीसुद्धा नाही!"

सुदैवाने सिरकाही चालतो. व्होडकाच्या साधारण आठपट लागतो, एवढंच. लोणच्यासाठी आणलेल्या पांढऱ्या सिरक्यातला दीड मिलिलिटर मी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून रोज घालू लागलो. मात्रा आठवड्या-आठवड्याने, जपून वाढवायची होती.

दहा दिवस झाले, नायट्रेट हलेना. माझा धीर सुटला. एका संध्याकाळी मी सरळ अर्धी वाटी ओतली.

रात्री वीज गेली. पहाटे पाहतो तर पाणी ताकासारखं पांढरं. जिवाणू बेसुमार वाढले होते आणि वाढताना पाण्यातला प्राणवायू पिऊन बसले होते. हवा मिसळणारा स्किमर तर बंदच. जोडीतली मोठी मासोळी तळाशी आडवी पडली होती. लहान मासा पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत होता. वीज येईपर्यंत मी तांब्याने पाणी उचलून वरून ओतत राहिलो. दीड तास. तो वाचला.

मुलाला मी त्याच दिवशी सांगितलं. थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या, अब्बा."

तो घेतला. आठवडाभर सिरका बंद ठेवला आणि पुन्हा दीड मिलिलिटरपासून सुरुवात केली. नायट्रेट उतरायला दोन महिने लागले. आता सिरिंज बायकोच्या ताब्यात असते. क्लाउनफिशमध्ये मादी गेली की उरलेला नर पुढे स्वतःच मादी होतो, हेही मुलाकडूनच कळलं. आमचा मासा पूर्वीपेक्षा मोठा दिसू लागला आहे. त्याला जोडीदार आणावा की नाही, हे अजून ठरत नाही.