दुःख हलके करणे



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एकच इंग्रजी क्रियापद घेतले आहे, 'अलीव्हिएट'. एका परक्या शब्दासाठी संध्याकाळ कशाला, असे कोणी विचारील. पण या शब्दाचा खरा अर्थ आपल्या वर्धा जिल्ह्याइतका फार थोड्या ठिकाणी जगला गेला आहे.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'लेव्हिस' आहे, अर्थ हलका. संस्कृत 'लघु' हा त्याचाच भाऊबंद. आपला 'हलका'ही 'लघु'चाच वंशज. प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन 'लहु'चा 'हलु' झाला. तेव्हा 'अलीव्हिएट' म्हणजे दुःखाचे ओझे हलके करणे. ते नाहीसे करणे नव्हे. या क्रियापदाचे कर्म माणूस नसतो, त्याची वेदना असते. 'रिलीव्ह' माणसाला करता येते. 'अलीव्हिएट' त्याच्या दुःखालाच.

भाषांतरात मात्र आपण घाई करतो. 'पॉव्हर्टी अलीव्हिएशन'चे 'दारिद्र्य निर्मूलन' होऊन बसते. मुळात वचन भार कमी करण्याचे. मराठीत ते मूळ उपटण्याचे होते!

आता सेवाग्रामकडे वळू. 1939 साली संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन आश्रमात आले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी मालिश केली. रोग बरा झाला काय? नाही. मग त्या हातांनी काय केले? ज्याला शिवायला लोक भीत होते, त्याचे ओझे हलके केले. इथे 'निवारण' म्हटले तर ते खोटे ठरेल, आणि 'काहीच झाले नाही' म्हटले तर तेही खोटेच.

पण वर्धा एवढ्यावर थांबले नाही. मनोहरजी दिवाणांनी 1936 सालीच दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम उभारले होते. 1951 साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार ही त्याची त्रिसूत्री. पुढे 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि काही महिन्यांच्या गोळ्यांनी रोग खरोखरच बरा होऊ लागला.

तर मग आपल्या क्रियापदाचे काम संपले? नाही. रोगजंतू मेले तरी बधिर झालेला पाय बहुधा बधिरच राहतो. तो रोज पाण्यात भिजवावा लागतो, तेल लावावे लागते, मऊ रबराची चप्पल घालावी लागते; नाहीतर खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. समाजाची बधिरता तर याहून चिवट. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत 2019 सालापर्यंत टिकून होते. औषध सापडून इतकी वर्षे लोटली, तरी!

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: दोन्ही क्रियापदे आपापल्या जागी राहू द्यावीत. ज्याने दुःख हलके केले, त्याने ते मिटवल्याची ग्वाही देऊ नये. आणि ज्याला ते मिटवता येत नाही, त्याने हलके करण्याचे टाळू नये. बरा होऊन परतलेल्या माणसाला आपल्या ओट्यावर बसायला जागा देणे, हे कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.